रस्ता न ओलांडणाऱ्यांची मोजणी

"आता मी जे सांगणार आहे त्यावर इथल्या एकाचाही विश्वास बसणार नाही!" माइक हातात घेऊन डबलबेल म्हणाले, आणि शाळेच्या हॉलमधल्या निम्म्या माणसांनी निमूट माना डोलावल्या. बसत नसेच कधी.

डबलबेल म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. छत्तीस वर्षं दोन घंटा देऊन गाडी सोडायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर गाड्या सोडणं बंद झालं, पुड्या सोडणं तेवढं राहिलं.

त्या दिवशी मात्र काम गंभीर होतं. समोर चार बाकं जोडून त्यावर नकाशा पसरला होता. त्यांच्या गल्लीवरून जाणारा उपनगराचा मोठा रस्ता सुधारायचा होता. बसला वेगळी पट्टी, रुंद फुटपाथ, चौकाचौकांत नवे सिग्नल, सगळं झकास. घोळ केला होता तो रस्त्याच्या मधोमध घालायच्या सलग कठड्याने. गल्लीच्या तोंडाशी त्याला फटच नव्हती. पलीकडे जायचं तर पेट्रोल पंपापर्यंत चाला, वळसा घाला आणि तेवढंच परत या. धडधाकट माणसाला पंचवीस मिनिटं. आणि बायकोचे गुडघे म्हणजे जुन्या बसचे गिअर, प्रत्येक पावलाला करकर.

रस्त्याच्या बरोबर पलीकडे तिची धाकटी बहीण राहायची. कमरेच्या ऑपरेशननंतर ती वॉकर धरून घरातल्या घरात फिरे, बाहेर पडणं बंद. दोघी रोज फोनवर तासभर बोलत. फोन ठेवला की बायको बराच वेळ भिंतीकडे बघत बसे. तिचं ते बघणं डबलबेलना सोसत नव्हतं. कठडा एकदा उभा राहिला की ती भिंत कायमची.

"बोला काका," लोकांच्या हरकती ऐकायला आलेली पालिकेची इंजिनिअर बाई म्हणाली. वय तिशीचं, कानामागे पेन्सिल.

"बाई, त्या रस्त्याच्या मध्यावर दोन माणसं गाड्या थांबायची वाट बघत उभी राहिली. ओळख झाली, लग्न जमलं, आणि आज त्यांचा मुलगा तिसरीत आहे. अजून तिघंही तिथेच उभी आहेत!"

हॉल खदखदला. बाईलाही हसू आवरेना. पण तिने कागद पुढे ओढला.

"काका, गोष्ट छानच आहे. पण आम्ही मोजणी केलीय. तुमच्या गल्लीसमोर सकाळी सात ते संध्याकाळी सात, रस्ता ओलांडणारे एकूण तीन."

"कोण तीन?"

मोजणीदार दाराशी उभा होता. तो खाकरला. "एकदा मी चहाला गेलो. एकदा परत आलो."

"आणि तिसरा?"

"कुत्रा असावा. सुसाट गेला, नीट दिसलं नाही."

"कुत्रा का मोजलास रे?" बाईने डोळे वटारले. मग डबलबेलकडे वळून म्हणाली, "जिथे कुणी ओलांडतच नाही, तिथे फट ठेवून सिग्नल लावायला मी वरच्यांना काय कारण देऊ?"

डबलबेलच्या कपाळावर घाम आला. आणि घाम आला की त्यांच्या जिभेला चाकं फुटत.

"तीन? अहो, तुमचा माणूस चहात बिस्किट बुडवत होता तेवढ्यात तीनशे गेले! ही आमची बायकोच रोज चार खेपा करते. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. ट्रकवाले करकचून ब्रेक दाबतात नि म्हणतात, जा वहिनी, आधी तुम्ही!"

"खोटं बोलतायत हे."

मागच्या रांगेतून बायको उठत होती. बाक पहिलीच्या पोरांचं, त्यामुळे उठायलाच तिला चार दम घ्यावे लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने कधी त्यांची पुडी फोडली नव्हती. डबलबेलचे कान तापले. संपलं सगळं, त्यांना वाटलं.

"चौदा महिने झाले, मी तो रस्ता ओलांडलेला नाही," ती म्हणाली. "शेवटी गेले तेव्हा मध्यावरच मोटारसायकलने पिशवी ओढून नेली. तशीच मागे फिरले. तुमचा आकडा बरोबर आहे बाई. तुम्ही जाणारे मोजलेत. अलीकडे अडकून बसलेले कुणी मोजले?"

बाईने कानामागची पेन्सिल काढली.

"असं अडकलेलं आणखी कोण आहे इथे?"

शिंप्याचा हात वर गेला. त्याची निम्मी गिऱ्हाइकं पलीकडची, ती आता येतच नव्हती. एका बापाने हात वर केला, त्याने याच रस्त्यापायी मुलीची शाळा बदलली होती. मग एकेक करत हॉलभर हात. डबलबेल सवयीने बोट नाचवत रांगांमधून फिरले आणि ओरडले, "साठ!"

बाईने स्वतः मोजले. एक्केचाळीस.

"एवढ्यावर रस्ता बदलत नाही," ती म्हणाली, "पण चूक आमच्या मोजण्यात आहे हे कळलं. महिनाभर तात्पुरतं करून बघू. रंगाचे पट्टे, मध्यावर पिंपं मांडून थांबायला जागा, बटण दाबलं की लागणारा सिग्नल. मग पुन्हा मोजू. माणसं आली, तर कठड्याला फट पक्की."

माणसं आली. पहिल्याच आठवड्यात मोजणीदाराचा चहा सुटला, त्याला मान वर करायला फुरसत मिळेना. बायको मात्र दारापर्यंत जाई आणि परत फिरे. "उद्या बघू," म्हणे.

आठव्या दिवशी तिने चपला घातल्या. "चला हो, आज."

बटण दाबलं. गाड्या थांबल्या. चार ट्रक इंजिनं घुरघुरवत रांगेत उभे राहिले. अर्धा रस्ता, मग पिंपांच्या आडोशाला चार श्वास, मग उरलेला अर्धा. डबलबेलच्या छातीत घंटा वाजत होत्या, दोन नव्हे, दोनशे.

धाकटी वॉकरसकट दारातच उभी होती. दोघी बहिणींनी एकमेकींना खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"किती वाळलीस गं!"

"आणि तू केवढी सुटलीयस, ताई!"

मग दोघीही एकदम रडल्या आणि एकदम हसल्या. खुर्चीत टेकल्याबरोबर डबलबेलना कंठ फुटला.

"अगं, तुझ्या ताईची काय दशा झाली म्हणून सांगू! पट्ट्यावर पाय ठेवला नि लागली लटपटायला. माझा हात असा घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना!"

"खोटं, भावोजी, साफ खोटं!" धाकटीने वॉकर जमिनीवर आपटला. "सगळं बघितलंय मी दारातून. ताई ताठ चालत होती. हात तुम्ही धरला होतात तिचा, आणि तेही डोळे मिटून!"