आजोबांचं हरणं

आजोबांनी बोटाएवढी सुरी कोंबडीच्या मानेतून आत सरकवली आणि नातीला म्हणाले,

"जवळ ये. मी लबाडी केली तर पकडायला कुणीतरी हवं."

नात ओट्यापासून लांबच उभी राहिली. तिच्या घशात अडकलेलं हाड डॉक्टरांनी केव्हाच काढलं होतं. पण तेव्हापासून तिला उकडलेल्या बटाट्यातही हाड असल्याचा संशय यायचा. नुसत्या दुधावर ती वाळत चालली होती. सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आईने बोनलेस आणलं होतं," ती म्हणाली. "त्यात पण असेल."

आजोबांनी तोंड वाकडं केलं. उभा जन्म मटणाच्या दुकानात काढला, पण हा इंग्रजी शब्द त्यांनी पाटीवर चढू दिला नव्हता.

"अर्थ काय गं त्याचा, सूनबाई?"

"हाड नसलेलं."

"नसलेलं कसं? कोंबडी काय हाडाशिवाय हिंडत होती? काढलेलं म्हण. कुणीतरी बसून काढलेलं."

आधी गळ्याजवळचं चिमट्यासारखं हाड ताटात आलं. मग ओला मोजा उलटा करावा तशी कोंबडी उलटी होत गेली. छातीचा अख्खा पिंजरा आला, मांड्यांची हाडं आली, पंखांची आली. कातडीला कुठे चीर नाही. सुलट केल्यावर ती पुन्हा कोंबडीच दिसत होती, फक्त उशीसारखी बसकी.

सून हातातलं पातेलं ठेवायचं विसरली. सासऱ्यांना तिने इतकी वर्षं फक्त चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरताना पाहिलं होतं.

"आता तू शोध," आजोबा म्हणाले. "सापडलं तर मी हरलो."

नातीने हात आत घातला. चाचपता चाचपता थांबली. बाहेर आलं ते चिमट्यासारखं हाड.

आजोबांचा चेहरा उतरला. "म्हातारा झालो."

"झालातच," नात म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. तिने पुन्हा कोपरा न् कोपरा चाचपला. "आता नाहीये. आई, शिजव."

ती सावकाश, घास न् घास चावून जेवली. आजोबा तिच्याकडे पाठ करून स्वच्छ असलेली सुरी पुसत राहिले.

सून ताट आवरायला गेली. पिंजरा उचलला, तर त्याखाली चिमट्यासारखं हाड, सगळ्यात आधी काढलेलं. तिने नातीला सापडलेलं त्याच्या शेजारी ठेवलं. एका कोंबडीला ते एकच असतं, एवढं तिलाही ठाऊक होतं.

"बाबा," ती म्हणाली.

"चहा टाक," ते मागे न बघता म्हणाले. "आणि साखरेला हात आखडू नकोस."

तिने दोन्ही हाडं गुपचूप पदराआड केली आणि साखरेचा डबा काढला.