पानाखालची मुळं

कीटकनाशकाचा कारखाना वडिलांचा, तेव्हा तिथेच औषधं तपासणारी लेक त्यांचं नवं औषध डोळे झाकून पास करील, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. शेतातून वाहून तळ्यात गेलं तर औषध तिथल्या झाडांना बाधेल का, हे पाहायला ते घातलेल्या काचेच्या भांड्यात टिकलीएवढ्या पानांची पाणवनस्पती मजेत तरंगत होती.

“हिरवीगार आहे की. ठोक सही आणि मोकळी हो,” बाबा म्हणाले.

तिनं आधी साध्या पाण्याचं भांडं त्यांच्या डोळ्यांच्या वर उचललं. प्रत्येक पानाखाली दोऱ्यासारखं मूळ लोंबत होतं. मग औषधाचं भांडं उचललं. मुळं गळून तळाशी पडली होती.

“पण खालून बघायला जातंय कोण?” बाबा पुटपुटले.

“मी जाते. आता औषध बदला, नाहीतर तपासणारी बदला. गळलेली मुळं चिकटवून द्यायला मला जमणार नाही.”