प्रशिक्षक व इतर

निर्णायक लढाईच्या क्षणी सेनापतीची नजर क्षितिजावर खिळलेली असावी. पायाखालच्या मातीकडे त्याने ढुंकूनही पाहू नये – युद्धशास्त्राचा पहिला धडा हाच. प्रियदर्शिनी त्या क्षणी पोलादपूरच्या मैदानाच्या कडेला ओणवी होऊन गवतात कानातल्याची फिरकी शोधत होती.

कुडी तळहातात होती. एवढीशी, मोत्याची, कर्णधार श्रुतिकाची... फिरकी मात्र कुठे घरंगळली कोण जाणे. पंच शिट्टी ओठांत धरून घड्याळ बघत होते, विभागाचा अंतिम सामना दोन-दोन सेटवर लोंबकळत होता, आणि महाडच्या कॉलेजची व्हॉलीबॉल प्रशिक्षिका बोटांनी गवत विंचरत होती. का, तर खेळताना कानात काही घालायचं नाही असा नियम. आणि मुलींनी उतरवलेलं सगळं मॅडमच्या रुमालात जायचं, असा दुसरा नियम. हा दुसरा कोणी केला ते तिला माहीत होतं. समोरच्या बाकावरच बसले होते ते – राजेंद्र सर. निळा ट्रॅकसूट, मांडीवर टॅब. कशेडी घाटापलीकडच्या कॉलेजचे प्रशिक्षक, विद्यापीठाच्या संघाचेही प्रशिक्षक, आणि एके काळी तिचेही.

जो संघ विभाग जिंकतो त्याचा प्रशिक्षक विद्यापीठाच्या मुलींबरोबर दौऱ्यावर जातो, अशी प्रथा. सर जात. प्रियदर्शिनीही तीनदा गेली होती – मुली म्हटल्यावर बरोबर एक बाईमाणूस हवंच, म्हणून व्यवस्थापिका. खोल्यांच्या किल्ल्या, गाडी लागणाऱ्यांसाठी गोळ्या, रुमालातल्या कुड्या, घरच्या आठवणीने रडणाऱ्या पोरी... आणि जयपूरला एकदा, सामना हातातून निसटत असताना, तिने सरांच्या कानाशी लागून सांगितलं होतं – सर, त्यांची पाच नंबरची प्रत्येक वेळी डावीकडे झुकूनच मारते, बघा. सर बाकाखाली बोट दाखवत म्हणाले, मॅडम, पाण्याच्या बाटल्या भरल्या का? तिने बाटल्या भरल्या. पाच नंबरची डावीकडे झुकून मारत राहिली. पेपरात फोटो आला, खाली ओळ – ‘प्रशिक्षक राजेंद्र सर व इतर.’ इतर म्हणजे मी... आज जिंकलं तर इतर दुसरं कोणीतरी होईल. बस, एवढंच. या एवढ्याशासाठी ती अकरा वर्षं रोज सकाळी मैदानावरचं गुरांचं शेण उचलून रेघा आखत आली होती. हरलं तर? पुरुष हरला की मैदान ओलं असतं. ती हरली की ती बाई असते. या धंद्यातलं हे शास्त्र तिला तोंडपाठ होतं.

“मॅडम, गावली काय?” श्रुतिका कान चोळत विचारत होती. “आजी मारील मला. तिची हाय ती.”

“आजी आधी हरलीस म्हणून मारेल. जा, उभी राहा.”

शिट्टी झाली.

मुलींना मैदानावरच्या जागांचे नंबर काही केल्या लक्षात राहत नसत. सर्व्हिस मिळाली की सहाही जणींनी एकेक जागा पुढे सरकायचं, एवढाच तो खेळ. पण एकीने दोनच्या जागी पाच केले की सगळ्या एकमेकींच्या पायांवर. शेवटी एके दिवशी वैतागून प्रियदर्शिनीने नंबरच रद्द केले आणि मैदानावर एस.टी. सोडली. सर्व्हिसची जागा महाड, कारण गाडी तिथूनच सुटते. मग बिरवाडी, मग शिवथर, जाळीपाशी डावीकडे वरंध, उजव्या टोकाला पोलादपूर. मधल्या जागेला नाव सुचेना, म्हणून तो विनंती थांबा. भूगोलाच्या सरांनी हरकत घेतली, की अशी गाडी पृथ्वीतलावर धावत नाही. मुली मात्र त्या दिवसापासून चुकल्या नाहीत. बाहेरून ‘वरंध!’ अशी आरोळी गेली की चेंडू उचलून देणारी स्नेहल न बघता तो डावीकडे उंच सोडायची, आणि तिथे जी असेल ती तो हाणायची.

पण चौथ्या सेटमध्ये ‘वरंध’ म्हणायचा अवकाश, पलीकडच्या दोन ताडमाड पोरी नेमक्या तिथेच हात वर करून उभ्या. सरांना वरंध सापडलं होतं.

आणि आता पाचव्या सेटमध्ये चौदा-तेरा, महाड पुढे. एक गुण. चेंडू स्नेहलकडे उतरत होता – किती सावकाश उतरत होता, जणू त्यालाही कुठे जायची घाई नव्हती – पलीकडच्या दोघी वरंधकडे धावल्या होत्या, सर उठून तिकडे बोट दाखवत होते, तेच बोट, बाटल्यांकडे दाखवलेलं... प्रियदर्शिनीने तोंड उघडलं, आणि आतून जे आलं त्याचा व्हॉलीबॉलशी कसलाही संबंध नव्हता.

“घाट बंद!”

हे तिने कधी शिकवलं नव्हतं. पण वरंधा घाट बंद झाला की गाड्या पोलादपूरवरून जातात, हे महाडात शिकवावं लागत नाही. दर पावसाळ्यात दरडी शिकवतात. स्नेहलने मान न वळवता पाठ कमानीसारखी वाकवली आणि चेंडू डोक्यावरून मागे सोडला – पोलादपूरला, जिथे संघातली सगळ्यात बुटकी सेजल एकटीच उभी होती आणि तिला अडवायला समोर चिटपाखरू नव्हतं.

चेंडू पलीकडे जमिनीवर आदळल्याचा आवाज आला.

“घाट बंद?” प्रेक्षकांतून श्रुतिकाची आजी, साळूबाई, धडपडत उठली. “कवा बंद झाला गो? मी आत्ताच तर त्या वाटेनं आलंय!”

“आजी, जिंकलो आपण!”

“जिंकलो ते हाय गो. पन मी घरी जाऊ कशी?”

पोरींनी प्रियदर्शिनीला उचललं. उचलताना कुणाचा तरी कोपर तिच्या बरगडीत घुसला, चप्पल निसटली, आणि जाळीच्या वरून तिला पहिल्यांदाच दोन्ही अंगणं एकदम दिसली – महाड, बिरवाडी, शिवथर, वरंध, सगळं एका नजरेत, सगळं तिचं. मी, ती मनात म्हणाली, आणि पुढे काही म्हणायची गरजच उरली नाही. खाली उतरल्यावरही ती वरच होती.

सर येत होते. या भेटीसाठी तिने किती वर्षं एक वाक्य धार लावून ठेवलं होतं – सर, बाटल्या भरल्या का? – हसत, सहज, सगळ्यांसमोर. ते ओठांपर्यंत आलंही. पण बोथट. इतक्या वर्षांचा सोबती तो राग, या गर्दीत नेमका केव्हा हात सोडून गेला... त्याच्याशिवाय हलकं वाटत होतं, आणि थोडं तोल गेल्यासारखंही. पुढच्या दौऱ्यात आपल्या कानाशी लागून कोणीतरी सांगेल, मॅडम, ती पाच नंबरची बघा... ऐकेन मी? ऐकेन. बहुतेक.

“अभिनंदन,” सर म्हणाले. “विद्यापीठाबरोबर आता तुम्हीच. प्रथाच आहे.” मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जरा जवळ सरकले, आणि त्यांचा आवाज एकदम शाळकरी पोरासारखा झाला.

“मॅडम, कशेडीला बोगदा झाला खरा, पण मला गाडी अजून लागतेच. उलटीची एखादी गोळी असेल का?”