माहेरचा अपोलो

मुंबईत एक बंदर आहे.

चंद्रावर माणसे घेऊन गेलेले यान.

कसालच्या तिठ्यावर उभ्या असलेल्या ट्रकचा मागचा टायर. उठावाची अक्षरे, मध्ये चिखल.

सावंतवाडीला आलेल्या सर्कशीतला सिंह. दात नव्हते, नाव होते.

पाठीला बाणांचा भाता, हातात तंतुवाद्य, डोक्यामागे सूर्य.

एक फणस.

फणस कसालचा, यशोदाच्या वडिलांच्या परड्यातला. वडील शाळामास्तर. लेकीच्या सासरी उपयोगी पडेल म्हणून त्यांनी तो कापू दिला आणि त्र्याऐंशीच्या पावसाआधी तोंडवलीच्या किनाऱ्यावर त्याची होडी झाली. सासरा धोंडू खूश, नवरा हरिश्चंद्र खूश. सासू हौसाबाई तर इतकी खूश की तिने होडीचे नावही ठरवून टाकले. हौसा.

घरात उठता-बसता सासूचा हुकूम, तो यशोदाने पचवला होता. पण माहेरचे झाड सासूच्या नावाने समुद्रभर मिरवणार, हे काही केल्या घशाखाली उतरेना. स्वतःचे नाव सुचवायची सोय नव्हती. म्हणून बांगडे साफ करता करता तिने वडिलांच्या गोष्टींतला एक दूरचा ग्रीक देव बाहेर काढला आणि सहज म्हटल्यासारखे म्हटले, अपोलो ठेवूया.

हरिश्चंद्राला टायर आठवला. टिकाऊ, त्याने मान डोलावली. धोंडूला खलाशी असताना पाहिलेले बंदर आठवले, आणि आणखीही काही आठवले असावे, कारण तो मिशीत हसला. शेजारचा सत्यवान म्हणाला, चंद्रावर गेला तो गोव्यापर्यंत जाईलच. तिघांनी तीन अपोलोंना मत दिले. यशोदाने एकालाही दुरुस्त केले नाही.

हौसाबाईने मात्र विचारले, "ह्यो मेलो कोण?"

"देव आसा," यशोदा म्हणाली.

इथे ती चुकली. टायर म्हणाली असती तर निभावले असते. परका देव गावात घ्यायचा तर ग्रामदेवाचा कौल लागतो, आणि हे हौसाबाईला लगेच आठवले.

दुसऱ्या सकाळी सगळे ग्रामदेव रवळनाथासमोर. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्याआधी गाऱ्हाणे, म्हणजे गुरवाने देवाला मोठ्याने घातलेले साकडे, आणि गाऱ्हाण्यात देवाला मोघम सांगून चालत नाही. दाजी गुरवाने चौकशी मांडली. गाव कुठला? समुद्रातले बेट. हे पसंत पडले. बाप? आभाळातून वीज टाकतो. बापाची लफडी यशोदाने गाळली. भावंडे? जुळी बहीण, शिकारीण. घराणे बरे वाटले. आणि हा स्वतः काय करतो?

"वाजयता, औषध देता," यशोदा म्हणाली. "आणि लोकांका कौल देता."

दाजीचा हात पाकळीसकट थांबला. "म्हणजे धंद्यातलोच."

हौसाबाई पदराआड हसली.

पाकळ्या लागल्या. उजवी हलेना, डावी हलेना. ऊन खांबावर चढले, दाजीने घाम पुसला आणि सांगितले की देव अडलाय, काहीतरी सांगायचे राहिले. परका देव येतो तो पाहुणा म्हणून, आणि पाहुण्याला घर लागते. कोणाचा पाहुणा?

धोंडूने हरिश्चंद्राकडे पाहिले. हरिश्चंद्राने छपराकडे.

"माझ्या माहेरचो," यशोदा म्हणाली. "झाड थंयसून इला, तो झाडावांगडा इलो."

देवळात बायकोमाणसाचे माहेर असे कधी कुणी उच्चारले नव्हते. पण दाजीला जेवायला उशीर होत होता.

"बा देवा म्हाराजा, ह्या यशोदाच्या कसालच्या माहेरचो पावणो, फणसावांगडा तुझ्या दारात इलो आसा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सवयीने हौसाबाईच्याही तोंडून निघून गेले. तेवढ्यात उजवी पाकळी पडली.

हौसाबाई हरून बसणारी नव्हती. माहेरचा देव म्हणजे त्याचा मानही माहेरवाशिणीने द्यायचा, हे तिने वाटेतच ठरवले: वर्षाला एक नारळ, एक कोंबडा. नारळ देवाला; कोंबडा कोण खातो ते यशोदाला कळत होते. पुढे सासूचे डोके दुखले की अपोलोची बाधा. दूध नासले, अपोलो. सत्यवान पिऊन उशिरा आला की त्याला वाटेत अपोलोने चकवलेले असे. धोंडू खोटे बोलताना त्याचीच शपथ घेई, कारण रवळनाथाची घ्यायला भीती वाटे. आणि जाळ्यातली मोठी सुरमई हौसाबाई स्वतः उचली. पाहुण्याने दिलेले नाकारू नये, म्हणे.

यशोदाने सगळे ऐकून घेतले. किनाऱ्यावरून कुणी "अपोलो इलो" म्हणून हाक दिली की ती हातातले काम टाकून उंबऱ्यापर्यंत जाई, कसालहून कुणी आले असावे तशी.

हौसाबाईचे माहेर वेंगुर्ल्याचे. तिच्या लग्नात तिथून तांब्याची एक घागर आली होती. तिच्यावर धोंडूच्या आईचे नाव घातलेले आहे.