पुरं मिनिट

राहीनं अनुसूयाबाईंच्या मनगटावर तीन बोटं टेकवली, मेजावरच्या घड्याळाकडे डोळे लावले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. वीस झाले की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं आणि पुन्हा एकपासून. शेजारी गोदूचं केव्हाच आटपलं होतं. पाटीवर सुबक बहात्तर काढून ती खिडकीबाहेर सुपारीच्या झाडावर चढलेल्या गड्याकडे बघत बसली होती.

काटा फिरून जागेवर आला तेव्हा राहीनं मान वर केली.

"तीन इसा नि आठ, बाई. आनि मधी चार येळा थांबली."

"कोण थांबली?"

"नाडी."

"नाडी नाही थांबत. तू थांबतेस. वीस झाले की बोट मिटतेस ना, त्या गडबडीत ठोका सांडतो तुझा."

राहीनं आपल्या मिटलेल्या बोटांकडे पाहिलं.

"बोट तीन येळा मिटतंय, बाई. ती थांबते चार येळा."

"वाद नको घालूस. गोदूचे बहात्तर आले, काल बहात्तर, परवा बहात्तर. तुझी रोजची नवीन तऱ्हा."

गोदूला हसू आलं. पण राहीनं पाटीवर बहात्तर काही लिहिलं नाही, वाकड्यातिकड्या अक्षरात अडुसष्टच लिहिलं. अनुसूयाबाईंना रागही आला आणि वाईटही वाटलं. पोरगी हट्टी खरी, पण लबाड नव्हती.

श्रीवर्धनला यज्ञेश्वर तात्यांनी बायको बाळंतपणात गेल्यावर आपल्या वाडीतलं घर बायकांच्या दवाखान्याला दिलं, त्याला आता सहा वर्षं होत आली होती. आठ खाटा, एक औषधाचं कपाट, आणि पुण्याला शिकून आलेल्या अनुसूयाबाई. डॉक्टर बिवलकर महिन्यातून एकदा मुंबईच्या बोटीनं यायचे. बाकी एकोणतीस दिवस सगळा भार बाईंवर. म्हणून यंदा तात्यांच्या मागे लागून त्यांनी हा शिकवणीचा घाट घातला होता. दोनच मुली. गोदू तात्यांची भाची, बालविधवा, मराठी पाचवी झालेली, चलाख. आणि राही आतल्या गावची, भातशेतीवाल्यांची. नवरा साप चावून गेला, मागोमाग इथल्याच चार नंबरच्या खाटेवर तिचं मूल गेलं, आणि बरी झाल्यावर ती परत गेलीच नाही. आधी केर काढायला राहिली, मग पाणी तापवायला, मग एक दिवस बाईंनीच तिच्या हातात पाटी दिली.

बाकी सगळ्यात राही गोदूच्या एक पाऊल पुढे होती, हे बाईंना कबूल करावं लागे. येसूबाईचंच बघा ना. अंग सुजून आलेली बाई, विचारलं की एकच उत्तर, "बरं हाय." गोदूनं पाटीवर लिहून टाकलं, बरं आहे.

"पूस ते," बाई म्हणाल्या होत्या. "बरं आहे हे उत्तर नव्हे. बाईमाणूस सरणावर ठेवलं तरी बरं आहे म्हणेल. ते लिहायचं नाही. दुसरं काहीतरी विचारायचं."

तेव्हा राही खाटेशी उकिडवी बसली आणि तिनं विचारलं, "मावशे, भात कांडताना मुसळ किती येळा खाली ठेवतीस?"

येसूबाईला एकदम बोलावंसं वाटलं. पूर्वी एकदाही नाही, गं. आता पायलीला चारदा ठेवते. दम पुरत नाही, सासू म्हणते सोंग करते. बाईंनी मग दोघींना तिच्या नडगीवर अंगठा दाबायला लावला. पाच मोजेपर्यंत दाबायचा आणि उचलायचा. अंगठ्याएवढा खळगा तसाच राहिला. "चांगल्या पायावर असं राहत नाही," बाईंनी सांगितलं. "खळगा राहिला की समजायचं, दुखणं काळजापर्यंत गेलंय." राहीनं तो खळगा भरून येईपर्यंत पायावरची नजर काढली नव्हती.

असली मुलगी, आणि अडली कुठे तर नाडीपाशी! बाईंना काही केल्या उलगडेना. मोजण्याची युक्ती त्यांनीच शिकवली होती. पाव मिनिट मोजायचं आणि चारनं गुणायचं. पुण्याच्या त्यांच्या मोठ्या बाई, ज्यांनी जाताना हे सेकंदकाट्याचं घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं, त्या पुरं मिनिट मोजल्याशिवाय मनगट सोडू देत नसत. पण इथं एका हातानं आठ खाटा करायच्या म्हणजे कुठलं पुरं मिनिट? हळूहळू पावावर आलं. गोदूला तिसापर्यंतचे पाढे पाठ होते, अठरा चोक बहात्तर म्हणून ती मोकळी व्हायची. राहीला दोनचा पाढाही येत नव्हता. ती आपली काटा फिरून येईपर्यंत मोजत बसायची.

आणि वेळ तर उरला नव्हता. वैशाख संपत आला होता. शनिवारची बोट डॉक्टरांची यंदाची शेवटची, नंतर समुद्र खवळला की नारळी पुनवेपर्यंत बोटी बंद. डॉक्टरांनी मागल्या खेपेलाच बजावलं होतं, "मी दोघींची परीक्षा घेईन. जिला नाडी धड मोजता येत नाही तिच्या हाती मी खाटा सोपवणार नाही. तिला घरी पाठवा." राहीचा भाऊ मोरू बुधवारीच येऊन ओटीवर बसून गेला होता. घरी आली की जेठात तिचा पाट लावून द्यायचा, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. नवरा पन्नाशीचा, घरात चार पोरं, तिसरी बायको हवी होती ती भात लावायला.

"तुला जायचंय का गं?" बाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"मला हितं जीव परत मिळाला, बाई," राही म्हणाली होती. "हितून मला नका काढू."

ते शब्द बाईंच्या मनातून जात नव्हते. शनिवारी सकाळी विहिरीवरून येताना त्या वाटेत दोनदा उभ्या राहिल्या, जरा सुपारीचे घोस बघितल्यासारखं केलं, मग दवाखान्याच्या सात पायऱ्या चढल्या. राही दारात उकळलेली भांडी पुसत होती. बाईंनी तिला कपाटाच्या आडोशाला घेतलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्या कधी असं बोलल्या नव्हत्या.

"हे बघ. आज पेशंट फार दमलेत, डॉक्टर माझाच हात देतील मोजायला. तू मोज तुझ्या परीनं. पण तोंडानं बहात्तर म्हण. कळलं?"

राहीच्या हातातलं फडकं थांबलं.

"आनि थांबली तर?"

"थांबली तरी बहात्तर. माझ्यासाठी म्हण."

राहीनं नुसती मान खाली घातली, आणि बाईंचा जीव अर्धा भांड्यात पडला.

डॉक्टर दहा वाजता आले ते बोट लागल्यानं पिवळे पडून. लिंबाचं सरबत पोटात गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला, दोघींना जीभ, डोळे, ताप, श्वास असं एकेक विचारलं. दोघींनी नीट सांगितलं. मग, बाईंनी ताडलं होतं तस्संच झालं.

"बाई, तुम्हीच बसा खुर्चीवर. उजवा हात मुलींना, डावा मला. मीही मोजतो."

पहिली गोदू. काटा पावावर आला न आला तोच तिनं बोटं उचलली.

"बहात्तर!"

डॉक्टरांची बोटं बाईंच्या डाव्या मनगटावरच होती आणि डोळे घड्याळावर. काटा फिरून आला तेव्हा त्यांच्या कपाळाला एक आठी पडली. "आता तू," ते राहीला म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

राही खाली बसली. तिची तीन बोटं बाईंना ओळखीची झाली होती, राखेनं भांडी घासून खरखरीत झालेली, पण टेकायची मात्र अलगद. एक बोट मिटलं. दुसरं मिटलं. तिसरं मिटलं. काटा जागेवर आला. राहीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी हळूच पापण्या मिटून होकार दिला. म्हण बाई, म्हण, आणि सूट.

राहीनं नजर परत मनगटावर आणली.

"तीन इसा नि सात," ती म्हणाली. "पाच येळा थांबली."

गेलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. मोरू संध्याकाळपर्यंत येईल, बोचकं बांधायला वेळ तरी कितीसा लागायचा तिला.

"सदुसष्ट," डॉक्टर सावकाश म्हणाले. "माझेही सदुसष्ट. आणि पाच." मग ते गोदूकडे वळले. "तू किती वेळ मोजलंस?"

"पाव मिनिट," गोदू पुटपुटली. "अठरा चोक..."

"आणि तू?"

"काटा फिरून जाग्याव येईस्तवर," राही म्हणाली. "मला पाढं येत न्हाईत, सायब."

डॉक्टरांनी बाईंचं मनगट लगेच सोडलं नाही. "दोघीही राहू द्यात," ते म्हणाले. "गोदूला पुरं मिनिट मोजायला शिकवा. म्हणजे हिला शिकवायला सांगा. आणि बाई, तात्यांना भेटून आलो की मला तुमची छाती तपासायची आहे."

"मला काय धाड भरलीय? बरी आहे मी."

डॉक्टरांनी टोपी घातली आणि ते वाडीच्या वाटेनं तात्यांकडे गेले.

अनुसूयाबाई खुर्चीतच बसून राहिल्या. पहिल्यांदा त्यांना लाज वाटली, कान तापण्याइतकी लाज. कपाटाआड उभं राहून आपण पोरीला खोटं बोलायला शिकवलं, आणि तिचं खरं होतं म्हणून महिनाभर तिलाच रागावलो. बोट तीन वेळा मिटतं, थांबते चार वेळा. इतका सरळ हिशेब तिनं मांडून दाखवला होता! पण लाजेच्या मागून दुसरंच काहीतरी भरून आलं. बत्तीस वर्षं त्यांनी माणसांची मनगटं धरली होती. त्यांचं मनगट रोज सकाळी, पुरं मिनिट, काही न गाळता मोजणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. आपलं घर जायची वेळ आली तरी तिनं त्यातला एक ठोका इकडचा तिकडे केला नाही. देवा, हे माणूस माझ्या दारात आणून सोडलंस, तुझे उपकार कसे फेडू, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळे पाणावले.

"बाई," गोदू म्हणाली, "पाया पडते." तिनं घाईघाईनं वाकून नमस्कार केला आणि मामांना बातमी सांगायला धावली.

मग राही आली. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं बाईंच्या पायांवर डोकं टेकलं. नेसूच्या काठावर तिचे डोळे टिपले गेले.

"तुमचं ऐकलं न्हाय मी, बाई. माफी करा."

"असू दे गं, असू दे," बाई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या. "तूच मला माफ कर. औक्षवंत हो. ऊठ आता."

राहीनं डोकं उचललं, पण ती उठली नाही. तिचा उजवा हात बाईंच्या पायावरच होता. बाईंना वाटलं, पोरीला सोडवत नाहीये. मग नडगीवर अंगठा रुतला, आणि राहीचे ओठ हलताना दिसले. एक. दोन. तीन. चार. पाच.

तिनं अंगठा उचलला.

दोघी त्या जागेकडे बघत राहिल्या. बाहेर गड्यानं झाडावरून सोडलेला घोस दोरीनं खाली आला, बायकांनी तो सोडवून घेतला. खळगा तसाच होता.

"काय होतंय, बाई?" राहीनं विचारलं.

"काही नाही. बरं आहे."

राहीनं मेजाखालून पाटी ओढली, मांडीवर ठेवली, पेन्सील हातात घेतली. पण तिनं काहीच लिहिलं नाही. बाईंच्या तोंडाकडे बघत ती तशीच थांबली. मग आवाज अगदी खाली आणून तिनं विचारलं,

"हिरीवरनं येताना वाटंत किती येळा थांबता?"

अनुसूयाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. शेवटी त्यांनी उजवा हात पुन्हा खुर्चीच्या हातावर उताणा ठेवला.

"दोनदा," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "नाही. पायऱ्या धरून तीनदा. लिही."