विहिरीत अडकलेला गझवान आणि मी

मी एक जुनी काठी आहे आणि सध्या एका कॉफीखान्यात कपाटामागे अडकलेली आहे. हे आधीच सांगितलेले बरे. परवा मी जराशी हलले, तर मालक हाजी नूमानच्या सुनेने उंदराचा सापळा लावला. मित्रांनो, आता त्या सापळ्यालाही माझ्यासारखेच काही काम नाही.

माझा जन्म सीरियातल्या हलब शहराबाहेर, जर्दाळूच्या झाडावर झाला. सुताराने मला तासले आणि अबू रिझ्कच्या हाती दिले. अबू रिझ्क हकवाती होता, म्हणजे कॉफीखान्यात उंच खुर्चीवर बसून रोज संध्याकाळी गोष्ट सांगणारा. गोष्ट सुरू करताना मी टेबलावर तीनदा टकटक करायचे. ती ऐकली की आमच्या गल्लीत चालता माणूससुद्धा जिथे असेल तिथे खाली बसे. गोष्ट ऐन रंगात आली की मी एकदा जोरात ठोकायचे. बाकीची उद्या! लोक शिव्या देत घरी जात आणि दुसऱ्या दिवशी तासभर आधी येत.

एका वर्षी अबू रिझ्कने ठरवले, की गोष्ट पूर्ण आखूनच सुरू करायची. सात महिने तो आखत होता. नायकाच्या घोडीच्या मावश्यांचीही नावे ठरली. पहिल्याच संध्याकाळी अब्दो न्हाव्याने विचारले, "उस्ताद, नायकाच्या पायात काय होतं?" हे आखलेले नव्हते. अबू रिझ्क वह्या चाळत बसला. पाऊण तासाने लोक उठून गेले. तो नायक अजून उंबऱ्यातच उभा आहे, अनवाणी.

चिडून अबू रिझ्कने वह्या शेगडीत घातल्या. त्यावर कॉफी मात्र चांगली झाली. "आता काही म्हणजे काही आखायचं नाही," म्हणत दुसऱ्या दिवशी त्याने शूर गझवानची गोष्ट सुरू केली. "गझवान घरातून निघाला. हातात काय होतं?" अबू रिझ्कने स्वतःच्या हाताकडे पाहिले. "काठी होती!" मला फार बरे वाटले.

नवव्या संध्याकाळी गझवान विहिरीत पडला. कोरडी विहीर, गुळगुळीत भिंती, दोर नाही, शिडी नाही, आणि वर चाळीस उंटांनी ओढून बसवलेली शिळा. टाळ्या पडल्या. घरी जाताना अबू रिझ्क मला हळूच म्हणाला, "काठीबाई, आता हा बाहेर कसा यायचा?"

मी लाकूड. मला काय विचारता?

अकरा दिवस गझवान विहिरीतच. अबू रिझ्क तळातल्या एकेका खड्याचे वर्णन करत राहिला. शेवटी अब्दोने शपथ घेतली, "गझवान बाहेर येईपर्यंत वस्तऱ्याला हात लावणार नाही!" हे तो एका नवरदेवाची दाढी करताना म्हणाला. अर्धीच झाली होती. लग्न शुक्रवारी होते.

कॉफीखान्याचा मालक हाजी नूमान रेडिओ घेऊन आला. "अबू रिझ्क, गुरुवारी पोरगा बाहेर आला नाही, तर तुमच्या खुर्चीवर हा बसेल. हा निदान पुढे तरी सरकतो."

त्या खुर्चीत बसण्याखेरीज अबू रिझ्कला जगात दुसरे काही येत नव्हते.

गुरुवारी अब्दोने कॉफीखान्याच्या दाराला आतून कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली. "गझवान बाहेर, तर तुम्ही बाहेर."

"अरे बाबा, घरी माझं मसुराचं सूप गार होतंय."

"त्याला अकरा दिवस सूप नाही मिळालं!"

अबू रिझ्कने कुलपाकडे पाहिले, रेडिओकडे पाहिले. मी त्याच्या हातातून निसटून टेबलावर आपटले. टक. टक. टक. सवयीने सगळे चूप झाले. अबू रिझ्क माझ्याकडे पाहतच राहिला.

"गझवानच्या हातात काठी होती," तो सावकाश म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. ती त्याने विहिरीच्या भिंतीवर तीनदा ठोकली. वरून जाणाऱ्या चाळीस माणसांनी टकटक ऐकली आणि ती सगळी खाली बसली."

"कुठे?"

"शिळेवर."

"अहो, आणखी वजन!" नवरदेव रडकुंडीला आला.

"गझवान खालून गोष्ट सांगू लागला. ऐन रंगात आली आणि त्याने ठोकलं. बाकीची उद्या! अब्दो, तू वर असतास तर काय केलं असतंस?"

"शिळा उपटून त्याची मानगूट धरली असती!"

"त्यांनी तेच केलं."

मित्रांनो, गझवान बाहेर आला! नवरदेव उरलेला गाल पुढे करून अब्दोकडे धावला. अब्दोने किल्ली काढली, मग वस्तरा काढला, आणि मध्येच थबकला. "पण उस्ताद, गझवानने कोणती गोष्ट सांगितली?"

अबू रिझ्कने मला असे आपटले, की मला चीर गेली. "बाकीची उद्या!"

रेडिओ हाजींच्या कडेवर बसून घरी गेला.

पुढे अबू रिझ्क गोष्टीआधी दोनच गोष्टी ठरवी. नायकाच्या हातात काय आहे, आणि कुठे थांबायचे. बाकीची तो वाटेत गोळा करी. तो गेला, खुर्ची गेली, आणि भिंतीशी टेकलेल्या मला कोणी पाहिलेही नाही. पुढ्यात कपाट आले. म्हणून सांगते, गोष्ट सुरू करण्याआधी हातात काय आहे ते पाहा, आणि कपाट सरकवण्याआधी मागे कोण आहे ते.

काल हाजींची सून सापळा तपासायला आली. मी तीनदा टकटक केली. ती दचकली, आणि मग कपाटापुढे खाली बसली.

गोष्ट मी आखलेली नाही. कुठे थांबायचे, ते मात्र ठरले आहे.