बाबांची पक्की जोडणी

बाबांची जोडणी म्हणजे देखणं काम. चाळीस वर्षं वायरमन म्हणून राबलेला माणूस. कुणी वायरींना नुसते पीळ मारून वर टेप गुंडाळलेली दिसली, की त्यांचं डोकंच फिरायचं. "टेप वहीला लावा, विजेला नको," असं ते भर घरात सुनवायचे. घरमालक बिचारे ऐकून घ्यायचे.

लेकीच्या बाथरूममध्ये नवा गिझर लावतानाही त्यांनी घाई केली नाही. मेन बंद केला, टेस्टरने खात्री करून घेतली. मग एकेका वायरीचं आवरण अर्ध्या पेराएवढं सोललं, टोक कनेक्टरमध्ये पार आतपर्यंत खोचलं, खटका दाबला आणि वायर ओढून पाहिली. तांब्याचा कणही बाहेर दिसत नव्हता. आई जाऊन पाच महिने झाले होते आणि आज बाबा चक्क शीळ घालत होते. शिडी धरून उभ्या असलेल्या लेकीला फार बरं वाटलं.

"वायरींच्या डबीचं झाकण तू लाव, मी मेन चालू करतो," असं म्हणत ते गुडघे चोळत खाली उतरले.

ती वर चढली आणि झाकण लावता लावता थांबली. भिंतीतून आलेली लाल, करंटची वायर गिझरच्या हिरव्या, अर्थिंगच्या वायरीला जोडलेली होती.

"बाबा! मेनला हात लावू नका!"

बाबा धावत दारात आले. "का? ढिली राहिली का एखादी?"

"ढिली कसली! लाल हिरवीला जोडलीत तुम्ही! हिरवी सरळ गिझरच्या पत्र्याला जाते ना? सगळ्या गिझरच्या अंगात करंट उतरला असता!"

आता ते तिलाच वेड्यात काढतील, असं तिला वाटलं. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"त्यातली लाल कुठली?" त्यांनी विचारलं.

चेष्टा करायची ही काय वेळ? ती बोलणारच होती, पण ते चेष्टा करत नव्हते.

"मला दोन्ही सारख्याच दिसतात गं," ते म्हणाले. "लहानपणापासून. तुझी आई सांगायची."

आई! प्रत्येक कामावर डबा घेऊन बाबांच्या मागोमाग जाणारी आई. नवऱ्याला घटकाभर एकटं सोडवत नाही म्हणून अख्खी आळी तिला हसायची, आणि ही लेकही त्यात सामील असायची. ती माउली शिडीखाली उभी राहून रंग सांगत होती आणि पोटच्या पोरीला पत्ता नव्हता. तिला लाज वाटली, संतापही आला. आणि मग एकदम सुचलं.

"आईनंतर एकट्याने कुणाकडे काम केलंत?"

"एकच. खालच्या बाईंचा गिझर, परवाच. पाणी तापत नाही म्हणाल्या काल. मला वाटलं, कॉइल गेली असेल."

ती जिना कशी उतरली, तिचं तिलाच कळलं नाही. खालच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, खांद्यावर टॉवेल टाकूनच दार उघडायला आल्या.

"बरं झालं आलीस. तासभर चालू ठेवलाय, पाणी आपलं गारच! म्हटलं, आता गारच घ्यावं अंगावर."

तिने आधी मेन पाडला. मग स्टुलावर चढून डबीचं झाकण काढलं. आत तेच नीटनेटके कनेक्टर, त्यात तीच पक्की बसलेली लाल आणि हिरवी.

"कसं आहे?" मागून धापा टाकत आलेल्या बाबांनी विचारलं.

"उलटं आहे, बाबा."

"काय गं, काही मोठं आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो, कनेक्टर जरा खराब निघाला," ती पटकन म्हणून गेली. बापाची चाळीस वर्षांची अब्रू होती.

"कनेक्टर चांगला आहे," बाबा म्हणाले. "बाई, मला लाल आणि हिरवा रंग ओळखता येत नाही. आज माझ्या हातून तुमचा जीव गेला असता."

बाईंनी एकदा गिझरकडे पाहिलं आणि खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्चीवर टाकला.